हातांचं काय करायचं?

रंगमंचावर पहिल्यांदाच उभं राहिलेलं तेरा-चौदा वर्षांचं मूल हमखास विचारतं, "ताई, हातांचं काय करू?" संवाद पाठ झालेले असतात, कुठून यायचं आणि कुठे थांबायचं हेही ठाऊक असतं. पण इतकी वर्षं निमूट सोबत राहिलेले हात एकाएकी परके होतात. लांब वाटायला लागतात, जड वाटायला लागतात. कुणी ते पाठीमागे बांधून टाकतं, कुणी शर्टाचं टोक चुरगाळत राहतं, कुणी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट आवळून धरतं. माध्यमिक शाळेच्या वयातल्या मुलांबरोबर मी बरीच वर्षं नाटकाचं काम करते आहे. या वयात नाटक कशाला शिकवायचं, असं कुणी विचारलं की मला आधी हा हातांचा प्रश्न आठवतो.

हातांना सूचना देऊन काही साधत नाही. "सरळ सोड", "कमरेवर ठेव" म्हटलं की ते आणखीच आखडतात. त्यांना काम द्यावं लागतं. "तुझ्याकडे एक पत्र आहे. ते समोरच्याला दिसता कामा नये. आणि तो खोलीतून जाईपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचंय." एवढं सांगितलं की बघता बघता खांदे सैल पडतात, पाय आपली जागा शोधतात. मूल हातांना विसरून गेलेलं असतं, कारण आता त्याला त्या पत्राची काळजी लागलेली असते.

रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की यांनी नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को यांच्याबरोबर १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं आणि पुढे आयुष्यभर, नट नेमकं करतो काय, या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला. भावना दाखवायला जाऊ नका, असं त्यांचं सांगणं. या माणसाला आत्ता काय हवंय आणि ते मिळवायला तो काय करतोय ते शोधा, ते करा, भावना मागाहून येते. प्रेक्षागृहातल्या काळोखाकडे ओढलं जाणारं लक्ष परत कसं आणायचं, यासाठी त्यांनी लक्षाची वर्तुळं सुचवली. आधी हातातली वस्तू, मग समोरचं माणूस, मग सगळा रंगमंच. मोठ्या नटांसाठी हे तंत्र असेल. चौदाव्या वर्षी मात्र त्याची गरज रंगमंचाबाहेरही तितकीच असते.

या वयाचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली. पौगंडावस्थेतल्या मुलाला सतत वाटत राहतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. नाकावरची पुटकुळी, फुटलेला आवाज, आखूड झालेली पँट, जे त्याला स्वतःला खुपतं तेच साऱ्या जगाला दिसतंय अशी त्याची खात्री असते. म्हणजे ही मुलं रंगमंचावर चढायच्या आधीच दिवसभर प्रेक्षकांसमोर उभी असतात, आणि ते प्रेक्षक कधी उठून घरी जात नाहीत. नाटकाच्या तासाला त्यांना खरे प्रेक्षक भेटतात. समोर जमिनीवर मांडी घालून बसलेली वर्गातलीच मुलं, ज्यांना थोड्या वेळाने स्वतः उठून तिथे उभं राहायचं असतं. ती हसतात, कंटाळतात, चुळबुळ करतात, मध्येच तोंड उघडं टाकून गुंगून जातात. मनातल्या प्रेक्षकांपेक्षा ती कितीतरी दयाळू असतात. आणि समोरचा कामात बुडालेला असला की त्यांना त्याची पुटकुळी दिसतच नाही, पत्र दिसतं. हे एकदा अनुभवलेलं मूल वेगळं चालायला लागतं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि दरवेळी मला तितकाच आनंद होतो.

नाटकाची बाजू मांडताना लोक 'सभाधीटपणा येतो' असं म्हणतात. येतो, यात वाद नाही. पण तेवढ्यावर हा विषय विकायला काढला की त्याचं नुकसान होतं. एक तर मग वक्तृत्वाचा वर्ग पुरेसा वाटायला लागतो. आणि दुसरं म्हणजे, वर्गात काही मुलं मुळातच धीट असतात. त्यांना नाटक काय देणार?

असाच एक मुलगा आठवतो. आवाज खणखणीत, चेहरा बोलका, भीती कशाची नाहीच. प्रत्येक वाक्य प्रेक्षकांकडे तोंड करून, शेवटच्या शब्दावर जोर देऊन फेकायचा. आम्ही एक छोटं दृश्य बसवत होतो. मोठी बहीण शिकायला दूर निघाली आहे, धाकटा भाऊ तिला बॅग भरायला मदत करतोय. त्याच्या वाट्याला फारसं बोलणं नव्हतं, आणि एक वाक्य होतं, "घेतलंस सगळं?" तो ते असं म्हणायचा की शेवटच्या रांगेला ऐकू जावं. ती मुलगी "हो" म्हणायची आणि दृश्य पुढे सरकायचं.

मी त्याला विचारलं, "याला काय हवंय?"

"तिने जाऊ नये असं वाटतंय."

"मग तो 'जाऊ नकोस' का नाही म्हणत?"

बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "म्हणू शकत नाही. तिला जायचंय ना."

"मग 'घेतलंस सगळं?' हे कशासाठी विचारतो?"

या प्रश्नावर तो गप्प झाला. बाकीची मुलंही विचारात पडली. मग त्यालाच सुचलं, "काहीतरी राहिलं असेल तर तिला थांबावं लागेल. थोडा वेळ तरी."

पुढच्या वेळी त्याने ते वाक्य बॅगेकडे बघत म्हटलं. चेन अर्धी लावलेली होती आणि तिच्यावरच त्याचा हात होता. आवाज कसाबसा मधल्या रांगेपर्यंत पोचला असता. पण आधीच्या सगळ्या तालमींत ठोकळेबाज "हो" म्हणणारी ती मुलगी पहिल्यांदाच थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं. चेनवरच्या हाताकडे पाहिलं. संहितेत पॉज लिहिलेला नव्हता. तो तिथे आपोआप तयार झाला, आणि मग ती "हो" म्हणाली तेव्हा ते आधीचं "हो" राहिलेलं नव्हतं. त्याचं पुढचं वाक्यही मग त्याला वेगळं म्हणावं लागलं, कारण तिने दिलेलं उत्तर वेगळं होतं.

त्या मुलाला धीटपणा शिकायचाच नव्हता. तो शिकला तो दुसऱ्याचं ऐकायला, आणि ऐकल्यामुळे स्वतः बदलायला. लाजरी मुलगी नाटकात आवाज चढवायला शिकते आणि दांडगट मुलगा आवाज उतरवायला, पण दोघांच्या बाबतीत घडतं ते एकच. स्वतःवर खिळलेलं लक्ष सुटून समोरच्यावर जातं. माझ्या मते माध्यमिक शाळेतल्या नाटकाचं खरं शिक्षण हे आहे. आत्मविश्वास त्याच्या पाठोपाठ येतो, वेगळा शिकवावा लागत नाही.

पाठांतराचंही तसंच. "मला पाठच होत नाही" म्हणणारी मुलं दरवर्षी असतात, आणि त्यातली बरीच वर्गात खरोखरच मागे पडलेली असतात. हेल्गा आणि टोनी नॉइस या दांपत्याने नटांच्या स्मरणशक्तीवर अनेक वर्षं संशोधन केलं. ती मानसशास्त्रज्ञ, तो नट आणि दिग्दर्शक. त्यांना असं आढळलं की अनुभवी नट सुरुवातीला घोकंपट्टी करतच नाहीत. हे पात्र हे वाक्य का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे ते ओळीओळीत शोधत जातात आणि शब्द त्या शोधात आपसूक बसतात. ज्या संवादांबरोबर हालचाल जोडलेली असते ते अधिक पक्के राहतात, हेही त्यांनी दाखवलं. तालमीत याचा रोज प्रत्यय येतो. खुर्चीवर बसून अडखळणारी मुलगी उठून खिडकीपाशी गेली की तिथलं वाक्य तिला सापडतं. 'का' विचारत वाचायची ही सवय एकदा लागली की ती भाषेच्या आणि इतिहासाच्या पुस्तकातही सोबत जाते. एखाद्या राजाने तह केला एवढंच वाचून ही मुलं थांबत नाहीत, त्या तहातून त्याला काय हवं होतं ते विचारतात. इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांकडून मी ही तक्रार ऐकली आहे, आणि तिचा मला अभिमान वाटला आहे.

दुसऱ्याच्या जागी उभं राहण्याचं काय? नाटकामुळे माणसं कळायला लागतात, असं आम्ही नाटकवाले सर्रास म्हणतो. त्याला थोडा आधारही आहे. थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षभर अभिनय शिकलेली मुलं आणि तितकाच काळ दुसरी एखादी कला शिकलेली मुलं यांची तुलना केली होती. अभिनय शिकलेल्यांमध्ये सहसंवेदना अधिक वाढलेली दिसली. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत तर दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यातही फरक पडला. गट लहान होते, तेव्हा फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. त्याआधी, २००४ साली मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांना पाहायचं होतं की संगीत शिकल्याने बुद्ध्यंक वाढतो का. नाटकाचा गट घेतला होता तो केवळ तुलनेसाठी. संगीताच्या गटांत बुद्ध्यंक थोडा अधिक वाढला, पण इतरांशी मिळून-मिसळून वागण्यातली सुधारणा दिसली ती नाटकाच्या मुलांत. ती मुलं वयाने लहान होती हे खरं, तरी कुणी मुद्दाम शोधत नसताना जे सापडतं त्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो.

इथे एक गोष्ट मला अगदी कळकळीने सांगायची आहे. शाळेतल्या मुलांना "तुझ्या आयुष्यातलं दुःख आठव आणि रड" असं कुणीही सांगू नये. मोठ्यांच्या अभिनय-प्रशिक्षणात अशा पद्धती आहेत, आणि त्या वर्गात आणणारी माणसंही आहेत. पण मूल त्या तासानंतर कुठे जाणार, कुणाशी बोलणार, याची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही. भूमिका हा आडोसा आहे. त्याच्या आड उभं राहून मूल जे एरवी कधी बोललं नसतं ते बोलतं, कारण ते 'दुसऱ्याचं' असतं. तो आडोसा आपण ओढून काढायचा नसतो.

आम्ही एक खेळ खेळतो. मध्ये एक खुर्ची ठेवायची. त्यावर बसणाऱ्याने पात्र सोडायचं नाही, आणि बाकीच्यांनी त्याला वाटेल ते विचारायचं. एकदा मुलाची चित्रं फाडून टाकणाऱ्या वडिलांच्या भूमिकेत एक मुलगी बसली होती. वर्ग तिच्यावर तुटून पडला. "तुम्हाला लाज नाही वाटत?" वगैरे. ती बराच वेळ उद्धटपणे उत्तरं देत होती. मग कुणीतरी साधंच विचारलं, "तुम्ही लहानपणी काय काढायचात?" ती थबकली, आणि म्हणाली, "पेन्सिल मोठ्या भावाची होती." पुढचा प्रश्न यायला वेळ लागला. वडिलांनी केलं ते बरोबर होतं असं त्या तासानंतर कुणालाच वाटलं नसेल, वाटूही नये. पण एखाद्याला माफ न करताही समजून घेता येतं, हे त्या मुलांनी त्या खुर्चीसमोर बसून पाहिलं. व्याख्यान देऊन हे मला सांगता आलं नसतं.

डोरोथी हीथकोट यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. वयाच्या १४व्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेली ही इंग्लिश मुलगी पुढे नाट्यशिक्षणातली विसाव्या शतकातली सर्वांत प्रभावी शिक्षिका ठरली. त्या वर्गात स्वतः भूमिका घेऊन शिरायच्या. आणि ती भूमिका बहुधा अडचणीत असलेल्या, सल्ला हव्या असलेल्या माणसाची असायची, म्हणजे जाणकार होण्याची वेळ मुलांवर यायची. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक अगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात दुसरी वाट काढली. त्यांच्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा एक प्रसंग करून दाखवतात, आणि तो पुन्हा सुरू झाला की प्रेक्षकांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून पात्राची जागा घेऊ शकतो आणि वेगळं काही करून बघू शकतो. वर्गातल्या दादागिरीवर हा प्रकार करून पाहा. पहिलं मूल हमखास भाषण ठोकतं. दादागिरी करणारा ते ऐकून घेतो आणि आधीसारखाच वागतो. दुसरं मूल मारामारीवर उतरतं, प्रसंग चिघळतो. मग एखादी मुलगी उठते, काहीच न बोलता त्रास सोसणाऱ्या मुलाच्या शेजारी जाऊन डबा उघडून बसते, आणि त्रास देणाऱ्याला आता काय करावं ते सुचेनासं होतं. शूर दिसणं आणि उपयोगी पडणं यातलं अंतर मुलं असं अंगाने मोजतात.

ज्यांना अभिनय करायचाच नाही त्यांचं काय, हा प्रश्न पालक आवर्जून विचारतात. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले तेव्हा आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा) आणि सात्त्विक (मनोभावांचा) यांच्या पंक्तीत आहार्य, म्हणजे वेश आणि रंगभूषा, हेही बसवलं. इंग्लंडमध्ये जीसीएसई या शालान्त परीक्षेला नाटक हा विषय घेणाऱ्या मुलांना अभिनयाऐवजी प्रकाश, ध्वनी, वेशभूषा किंवा नेपथ्य यांत परीक्षा देता येते, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. माझ्याकडे एक अबोल मुलगी होती, तिने दिवे सांभाळायचं ठरवलं. तिची संहितेची प्रत मी जपून ठेवली आहे. समासात पेन्सिलने बारीक खुणा, कुठल्या शब्दावर दिवा मंद करायचा, कुठल्या शब्दाच्या आधी 'तयार' राहायचं. आणि एका ठिकाणी लिहिलंय, 'ही इथे श्वास घेते, मग बोलते. श्वासावर दे.' रंगमंचावरच्या कुणी त्या अभिनय करणाऱ्या मुलीचं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. वेळेचा धाकही पडद्यामागेच नीट कळतो. गृहपाठ उद्या दाखवला तर चालतो, पण तिसरी घंटा झाल्यावर दिवा उद्या लावू असं म्हणता येत नाही, आणि आपण चुकलो तर आपल्याखेरीज आणखी दहा जणांचं बिघडतं.

उत्स्फूर्त, म्हणजे संहितेशिवाय जागच्या जागी सुचेल तसं करायच्या खेळांबद्दल थोडक्यात सांगते. व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत मुलांबरोबर काम करताना रचलेल्या खेळांतूनच पुढे अमेरिकेतली उत्स्फूर्त रंगभूमी उभी राहिली. त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ साली निघालेल्या 'सेकंड सिटी' या उत्स्फूर्त नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे मुलांच्या खेळावर मोठ्यांचं नाटक उभं राहिलं, उलट नव्हे. माझा आवडता खेळ सगळ्यांत साधा आहे. सगळ्यांनी गोलात उभं राहायचं, आणि गटाने मिळून एक ते वीस अंक म्हणायचे. कुणी कधी बोलायचं हे ठरवायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी पाचाच्या पुढे जाता येत नाही, कारण प्रत्येकाला आपला अंक म्हणायची घाई. काही आठवड्यांनी तोच गट वीसपर्यंत पोचतो. कुणी हुशार झालेलं नसतं, फक्त गप्प राहण्याची भीती गेलेली असते.

एवढं सगळं तालमीत घडतं, आणि तालीम हीच गोष्ट बऱ्याच शाळांत नसते. वर्षातून एकदा कार्यक्रम ठरतो, चांगलं बोलणारी चार मुलं निवडली जातात, बाकीच्यांना मागे उभं केलं जातं, तीन आठवडे 'असं म्हण, इकडे वळ' सांगून दृश्य बसवलं जातं आणि टाळ्या पडतात. त्यात मुलांना मजा येते, ती मी नाकारणार नाही. पण ज्याला आधीच येतं त्यालाच पुन्हा उभं केलं, आणि 'का' हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर शिकायचं राहून गेलं. नाटकाला वेळापत्रकात गणित-विज्ञानासारखा आठवड्याचा तास हवा. त्यात प्रत्येकाला बोलायची, गप्प राहायची आणि दिवा लावायची पाळी यायला हवी. वर्षाच्या शेवटी प्रयोगही व्हायला हवा, कारण अनोळखी प्रेक्षक आल्याशिवाय काही गोष्टी उमगत नाहीत. पण गुण त्या प्रयोगाला देऊ नयेत. मी मुलांची तालमीची वही वाचते. आज काय करून पाहिलं, काय जमलं नाही, जोडीदाराने काय वेगळं केलं आणि त्यामुळे माझं काय बदललं. शेवटच्या प्रश्नाखाली पहिल्या सत्रात बहुतेक वह्या कोऱ्या असतात. दुसऱ्या सत्रात तिथे जागा पुरत नाही.

शाळांनी हा विषय सुरू करायचं ठरवलं तर खर्चाची धास्ती घेऊ नये. सभागृह नसलं तरी चालतं, बाकं भिंतीला लावून मोकळी केलेली एक खोली पुरते. अडतं ते वेळेवर. एका तासिकेत बाकं सरकवायची, अंग आणि आवाज मोकळा करायचा, आणि दृश्याला हात घालतो न घालतो तोच बाकं परत लावायची वेळ होते. म्हणून मुख्याध्यापकांकडे मी सगळ्यांत आधी मागते तो जोडतास, म्हणजे सलग दोन तासिका. तो मिळाला की संहिता, कपडे, दिवे, पडदा हे एकेक करून जमवता येतं, आणि त्यातलं बरंचसं मुलंच जमवतात.